एकशे सेहेचाळीस

बेळगावात समुद्र नाही.
चोर्ला घाट उतरलं की आहे, पण तो गोव्याचा.
तरी उद्यमबागेत, सुळगेकरांच्या फौंड्रीत,
कोकच्या ढिगाला लागून एक सिमेंटची टाकी आहे,
तिला सगळे दर्या म्हणतात.

नाव भरमाकाकांनी ठेवलेलं.
कडोलीचे भरमा हुंदरे,
एकतीस वर्षं पूर्वेकडच्या गोदीत फिटर.
पाणबुड्या दुरुस्त करायचे.
म्हणजे बुडालेल्या? आम्ही विचारायचो.
"बुडालेलीला काय करतोस, पोरा.
वर आलेलीला आम्ही
पुन्हा बुडायच्या लायक करत होतो की."

पहिली बोट लागली तेव्हा
गोदीत कुणालाच त्यातलं काही येत नव्हतं.
परदेशी इंजिनियर वह्या छातीशी धरून उभे,
जेवायला जाताना वह्या कुलपात.
काका त्यांची अक्षरं शिकले
व्हॉल्व्हांच्या पितळी बिल्ल्यांवरून.
एक अक्षर सहा पायांच्या किड्यासारखं,
एक आरशात बघितल्यासारखं उलटं.
इकडे गावच्या पाटीवर कुठली लिपी, यावरून
मोर्चे, लाठ्या, बंद,
आणि तिकडे हा गडी चौथ्याच बाराखडीत
'उघड' आणि 'बंद' गिरवत बसलेला.

पोट कापायचं.
बॅटऱ्या काढायच्या, शेकड्यांनी,
एकेक म्हशीच्या वजनाची.
इंजिन बाहेर. मग शिवण. मग शिवणीचा एक्सरे.
केसाएवढी भेग दिसली की उसवा परत.
"माझी शेवंता सातवीत होती.
तिचं लग्न झालं,
बोट गोदीतच."

मग ज्यानं बोट बांधली तो देशच मोडला.
पत्रं परत येऊ लागली:
या नावाचा कारखाना इथे नाही.
आणि एकशे सेहेचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह तडकलेला.
चार सह्यांचा गेटपास घेऊन, टॉवेलात गुंडाळून,
हुबळीला गाडी बदलून
काकांनी तो इथे आणला.
मांडीवर. झोपले नाहीत म्हणे.

बसलिंगप्पा बडिगेरांनी सागवानात पॅटर्न कोरला.
त्यांची मराठी अर्धी, काकांचं कन्नड पाऊण.
लाकडावरून बोट फिरायचं:
इल्ली दप्प, इल्ली सण्ण.
भांडण एकदाच झालं, चहा कुणी सांगायचा यावरून.

पहिली ओत टाकीवर बसवली, पंप मारला.
काटा चाळिसावर गेला आणि
गनमेटलला घाम फुटला.
एकच थेंब.
सुळगेकर म्हणाले, एवढ्यानं काय होतंय?
काका म्हणाले, आत पन्नास जण झोपलेले असतात.
वितळवली.
दुसरीही वितळवली.
तिसरी हातातून पडली, तिचं कुणी बोलत नाही.
चौथीचा काटा रात्रभर जागचा हलला नाही,
आणि समोरचे दोघे म्हातारेही.
(तेव्हा म्हातारे नव्हते. मला तसेच आठवतात.)
सकाळी बसलिंगप्पांनी तिला कुंकू लावलं.
काकांनी ते चिंधीनं पुसलं, नियमच तसा,
मग तीच चिंधी कपाळाला टेकवली.

आता पंप मी मारतो.
काका शनिवारी येतात, स्टुलावर बसतात,
काट्याकडे बघत तेच परत सांगतात:
बोट खाली गेली की दाबानं आक्रसते.
आत या भिंतीपासून त्या भिंतीला दोरा ताणून बांध,
खोल जाशील तसा तो सैल पडतो, झोळ येतो त्याला.
वर आलास की पुन्हा ताठ.

परवा मी विचारलं,
अगदी होता तेवढाच ताठ?

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.
"काय म्हाईत," म्हणाले,
"मला कधी खाली नेलंच नाही."